निरंकरावांची आदर्श गाडी

चालणारी गाडी चालू असते आणि थांबलेली गाडीसुद्धा, किल्ली फिरवून बंद करेपर्यंत, चालूच असते. हा नियम जगातल्या बहुतेक गाड्यांना मान्य आहे. निरंकरावांच्या गाडीला तो मान्य नव्हता. रस्त्यावर धावताना तिची कुरकुर नसे. पण सिग्नलला लाल दिवा लागला, निरंकरावांनी पाय उचलला, की इंजिन आधी थरथरायचं, मग आचके द्यायचं आणि मग मान टाकायचं. कधी लहर फिरली तर उलट व्हायचं. कोणी पाय लावलेला नसताना रेस आपोआप चढायची आणि गाडी जागच्या जागी अशी गुरगुरायची की पुढच्या गाडीतला माणूस आरशातून खाऊ की गिळू अशा नजरेनं मागे बघायचा. गाडी जुनी होती. माणूस असती तर एव्हाना एकदा मतदान करून पस्तावलीही असती.

निरंकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. ते तक्रार निवारण कक्षात वरिष्ठ लिपिक होते आणि दर महिन्याचा अहवाल त्यांच्या सहीनं वर जायचा: प्राप्त तक्रारी, निरंक, प्रलंबित तक्रारी, निरंक. शून्य म्हटलं की काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. निरंक म्हटलं की त्यामागे कोणीतरी मेहनत घेतलीय असं वाटतं. आणि मेहनत होतीच. कक्षाच्या दाराशी तक्रारपेटी होती आणि तिची किल्ली फार पूर्वी हरवली होती. लोक पेटीत तक्रारी टाकत. पेटीतून जी निघालीच नाही ती तक्रार 'प्राप्त' कशी धरायची, असं निरंकरावांनी एकदा वरिष्ठांना लेखी विचारलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणून तो प्रश्नही निरंक धरण्यात आला. पेटी गच्च भरली तेव्हा कक्षानं तत्परता दाखवून शेजारी दुसरी पेटी ठेवली.

ऑफिसातली सवय माणूस ऑफिसात ठेवून येत नाही. आमटी खारट झाली तरी "ठीक आहे", अंगात ताप असला तरी "तसं विशेष काही नाही". एकदा दाताच्या डॉक्टरनं विचारलं, "कुठला दुखतोय?" निरंकराव म्हणाले, "तसा कुठलाच नाही." मग डॉक्टरनं स्वतःच्या पसंतीचा एक काढला.

त्यांच्या बायकोला सगळे केकवाल्या वहिनी म्हणत. वहिनींचा हात सोन्याचा. पण गेली कित्येक वर्षं त्या घरच्या ओव्हनमध्ये केक करून एका मोठ्या बेकरीला देत आणि बेकरी त्यावर स्वतःचं नाव छापून विकत असे. लोक केक खाऊन बेकरीला दुवा देत आणि बेकरी तो घेतही असे. अशात एका समारंभाच्या हॉलच्या व्यवस्थापकाला खरी गोष्ट कळली आणि तो घरी आला. हॉलच्या मालकाच्या लग्नाचा वाढदिवस होता. दोन आठवड्यांनी, रविवारी, तीन मजली केक हवा होता.

"सरळ, उभा, न डगमगता पोचला," व्यवस्थापक म्हणाला, "तर हॉलचे सगळे केक यापुढे तुमचे. आणि खोक्यावर नावही तुमचंच."

वहिनींनी ते शेवटचं वाक्य त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. खोक्यावर नाव माझं. त्या रात्री त्यांना झोप आली नाही, इतका आनंद झाला होता. सकाळी उठल्या त्या गाडीचाच विषय घेऊन.

"अहो, गाडी दाखवून आणा. सिग्नलला हिसके देते. तीन मजली केक आहे, बटाट्याचं पोतं नाही आपटत न्यायला."

"अगं, तसं विशेष काही नाही. थोडी अडखळते."

"काल एकाच चौकात तीनदा बंद पडली. मागचा माणूस उतरून शिव्या देत धक्का मारायला आला."

"बघ ना. लोक किती मदत करतात."

वहिनींनी कपाळावर हात मारून घेतला. निरंकरावांनी याचा अर्थ संमती असा घेतला आणि ते मिस्त्रीकडे गेले.

मिस्त्री हा दांडग्या आत्मविश्वासाचा माणूस. त्याला न कळलेली गाडी अजून जन्माला आली नव्हती, आणि त्यानं बरी केलेलीही.

"काय तक्रार?" त्यानं विचारलं.

तो शब्द कानावर पडताच निरंकराव सावध झाले. "तक्रार अशी काही नाही."

"मग आणलीत कशाला?"

"सहज."

सहज आलेल्या गिऱ्हाइकावर मिस्त्रीचा फार जीव होता. त्यानं आधी प्लग बदलले आणि विचारलं, "आता?" निरंकराव म्हणाले, "थोडं आहे." थोडं म्हटल्यावर कॉइल बदलली. "आता कसं?" "ठीक आहे, पण..." त्या 'पण'मध्ये बॅटरी गेली, एअर फिल्टर गेला आणि बाजूचा आरसाही गेला. गाडी बंद पडण्याशी आरशाचा काय संबंध, असं निरंकरावांनी चाचरत विचारलं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, मागचं नीट दिसलं की पुढचं आपोआप सुधारतं." हे इतकं परिपत्रकासारखं वाटलं की निरंकरावांना पटूनच गेलं. परतीच्या वाटेवर पहिल्याच सिग्नलला गाडीनं मान टाकली. नव्या आरशात मागे खोळंबलेली रांग मात्र शेवटच्या गाडीपर्यंत स्वच्छ दिसली.

वहिनींनी मग स्वतः लक्ष घातलं. खोटारड्या यंत्राशी त्यांची जुनी ओळख होती. त्यांचा ओव्हन असाच बोलघेवडा होता. काटा म्हणायचा एक आणि आत आच असायची भलतीच, त्यामुळे केक वरून जळायचा आणि आतून कच्चा राहायचा. वहिनींनी आत वेगळा थर्मामीटर ठेवला आणि त्या दिवसापासून काट्याकडे बघणं सोडलं. गाडीचंही असंच काहीतरी असणार, असा त्यांचा कयास होता. केकचे थर गार होईपर्यंत त्या मोबाईलवर गाडीदुरुस्तीचे व्हिडिओ बघत बसल्या आणि संध्याकाळी निरंकराव चपला काढतायत तोवर त्यांनी निकाल सांगितला.

"थ्रॉटल सेन्सर आहे तो. तुम्ही पॅडल किती दाबलंय हे इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगायचं, एवढंच त्याचं काम. तो झिजला की पाय उचलला तरी 'दाबलाय' म्हणून सांगतो आणि दाबला तरी 'उचललाय' म्हणतो. कॉम्प्युटर बापडा त्याच्यावर विश्वास ठेवून पेट्रोल सोडतो. इंजिन गुदमरतं, आचके देतं, जीव सोडतं. पण त्याचं कोण ऐकतंय? वर अहवाल जातो तो त्या मधल्याचाच!"

निरंकरावांना उगीचच घाम आला. कोणाबद्दल बोलणं चाललंय ते त्यांना नीटसं उमगेना, पण आपली बाजू मांडायला हवी असं वाटलं.

"तो सेन्सर जुना आहे, अनुभवी आहे," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत त्याची एकही तक्रार नाही."

"त्याची नाही हो! त्याच्याबद्दल आहे!"

दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतः गाडीत बसल्या आणि दोघं कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. तिथं काचेच्या भिंती होत्या, थंडगार हवा होती, फुकट कॉफी होती आणि टाय घातलेला एक सल्लागार होता. त्याला बघूनच निरंकराव निम्मे बरे झाले.

"सर, आपला गाडीचा एकंदर अनुभव?" टायवाल्यानं विचारलं.

"उत्तम," निरंकराव म्हणाले.

"उत्तम काय उत्तम?" वहिनी कडाडल्या. "उभी राहिली की बंद पडते. थ्रॉटल सेन्सर तपासा."

"मॅडम, गाडी आपल्या नावावर आहे का?"

"यांच्या."

"मग मला सर काय म्हणतात तेच नोंदवता येईल. नियम आहे. सर?"

निरंकरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा टायकडे पाहिलं. त्यांच्या घशापर्यंत काहीतरी आलं होतं, हे खरं. पण ते तिथूनच परत गेलं. "तसं विशेष काही नाही," ते म्हणाले. टायवाल्यानं मान डोलावून तसं टाइप केलं आणि वहिनींनी कॉफीचा कप इतक्या जोरात टेबलावर ठेवला की टायवर दोन थेंब उडाले.

तासाभरानं टायवाला हसतमुखानं परत आला. "अभिनंदन सर. आमचा स्कॅनर गाडीतल्या प्रत्येक सेन्सरला विचारतो की बाबा, तू ठीक आहेस का. थ्रॉटल सेन्सरनं सांगितलंय, ठीक आहे."

"अहो पण खोटं बोलतोय तो तोच आहे ना!" वहिनी म्हणाल्या.

"तसं असतं तर त्यानं सांगितलं असतं, मॅडम."

निरंकरावांना भरून आलं. कक्षात एखाद्या कारकुनाविरुद्ध तक्रार आलीच, तर ती अभिप्रायासाठी त्याच कारकुनाकडे पाठवायची पद्धत होती, आणि आजवर एकाही कारकुनानं स्वतःला दोषी ठरवलेलं नव्हतं. खासगी क्षेत्रानंही आता तेवढी उंची गाठली होती. फक्त एक शंका त्यांनी दबत दबत विचारली: पुढ्यात तो पिवळा दिवा लागायचा, दोष दाखवणारा, त्याचं काय?

"तो आता लागणार नाही, सर."

"म्हणजे दोष गेला?"

"बल्ब काढला."

केंद्राच्या दारातच गाडी बंद पडली. गणवेशातले चौघं सराईतपणे धावत आले, त्यांनी गाडी केंद्राच्या हद्दीबाहेर ढकलली आणि हात हलवून निरोप दिला. घरी जाईपर्यंत वहिनी नवऱ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. निरंकरावांनी घरात शांतता आहे, अशी मनातल्या मनात नोंद केली.

एवढ्यात हॉलवरून निरोप आला. आवारात फक्त धुराचा पहिला दर्जा असलेल्या गाड्यांना प्रवेश होता. बाकीच्यांनी फाटकावर माल उतरवायचा आणि चढण चढून हातानं वर आणायचा. तीन मजली केक चढणीवरून हातानं नेण्यापेक्षा तो घरीच मोडून खाल्लेला बरा, म्हणून दोघं धूर तपासणी केंद्रावर गेले. वहिनींना आशा नव्हती. या वयाच्या गाडीला पहिला दर्जा मिळणं म्हणजे बेडकाला फेटा बांधण्यातला प्रकार होता.

तपासनीस एका टपरीएवढ्या खोलीत यंत्रासमोर बसला होता. "गाडी उभी ठेवा. पाय काढा. रेस द्यायची नाही," त्यानं बसल्या जागेवरून हुकूम सोडला आणि सायलेन्सरमध्ये नळी खुपसली. निरंकरावांनी पाय काढला. गाडी थरथरली, आचका दिला आणि गेली. यंत्राचे आकडे भराभर खाली आले आणि तळाशी जाऊन बसले. तपासनीस चष्मा पुसून पडद्याकडे बघत राहिला.

"अशी गाडी माझ्या नोकरीत पाहिली नाही," तो म्हणाला. "कार्बन निरंक. धूर निरंक. आवाजसुद्धा निरंक."

"अहो, बंद पडलीय ती!" वहिनी म्हणाल्या.

"तो यांत्रिक प्रश्न झाला. आम्ही धूर मोजतो."

"बंद गाडीतून धूर येईल कसा?"

"नाही येत. म्हणून तर पहिला दर्जा."

आणि त्यानं पुढच्या काचेवर हिरवा बिल्ला चिकटवला. यंत्राच्या तोंडून आपलाच शब्द ऐकून निरंकरावांचे डोळे पाणावले. आयुष्यभर आपण कागदावर जे करत आलो ते आपल्या गाडीनं लोखंडात करून दाखवलं, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला.

वहिनी मात्र हातावर हात ठेवून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी चार दुकानं पालथी घातली आणि नवा सेन्सर मिळवला. काडेपेटीएवढी ती वस्तू, दोन स्क्रूंवर बसणारी. स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या बॉनेट उघडून वाकल्या, जुना सेन्सर बरोब्बर सापडला, पहिल्या स्क्रूला पीळ बसणार, तेवढ्यात निरंकराव वरून धापा टाकत आले.

"हात लावू नकोस! इंजिनात बदल केला की दर्जा रद्द होतो!"

"होऊ द्या. दर्जा खोक्यात घालून न्यायचाय का मला?"

"दर्जा गेला तर फाटकातून आत सोडणार नाहीत."

"मग दुरुस्त करू आणि परत तपासून घेऊ."

"दुरुस्त झाली तर चालू राहील. चालू राहिली तर धूर सोडेल. धूर सोडला तर या वयात तिला पहिला दर्जा कोण देणार?"

वहिनींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हा मूर्खपणा पहिल्यापासून शेवटपर्यंत नियमाला धरून होता. बंद पडणाऱ्या गाडीला आत प्रवेश होता आणि चालणाऱ्या गाडीला नव्हता. भाड्यानं घ्यावी तर पहिल्या दर्जाची एकही गाडी मिळेना. विचाराल तो म्हणायचा, आमच्या गाड्या चालतात हो. तरीही वहिनींनी मनाशी ठरवलं होतं की शनिवारी गुपचूप सेन्सर बदलायचा, बिल्ला काचेवर तसाच ठेवायचा आणि पुढचं पुढं बघायचं.

पण निरंकरावांच्या मोठ्या साहेबांच्या कानावर बिल्ल्याची बातमी गेली होती. साहेबांना स्वच्छ हवा सप्ताहासाठी काहीतरी दाखवायचं होतं आणि कार्यालयातली एकूण एक गाडी काळा धूर ओकत होती. त्यांनी निरंकरावांना केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली, आणि खुर्ची मिळाल्यावर माणूस नाही कसं म्हणेल? आठवडाभर गाडी कार्यालयाच्या आवारात फीत बांधून, भोवती दोर लावून उभी राहिली. शेजारी फलक होता: 'आदर्श वाहन. आजवर एकही तक्रार नाही.' गाडी बंद होती आणि त्यामुळे तिच्यात काही खोट काढायला जागाच नव्हती. लोक येऊन तिच्याबरोबर फोटो काढून घेत होते. काही जण शेजारच्या तक्रारपेटीवर टेकून काढत होते.

रविवारी सकाळी गाडी फितीसकट घरी आली. केक तयार होता. वहिनींनी त्यासाठी दोन दिवस पाठीचा काटा ढिला केला होता. तीन मजले, पांढरीशुभ्र क्रीम, कडेनं बोटाएवढी फुलं, आणि एका मजल्यावर दुसरा मजला असा सरळ की गवंड्याकडून पाणसळ मागून आणून लावली तर तिचा बुडबुडा मधल्या रेषेतून हलला नाही. बेकरीत गेलेल्या केकवर एवढी मेहनत त्यांनी कधी घेतली नव्हती. हा त्यांच्या नावाचा होता.

वहिनी मागच्या सीटवर खोकं मांडीत धरून बसल्या. "थांबायचं नाही," त्यांनी बजावलं. "धावताना ती ठीक असते. उभीच करू नका."

निरंकरावांनी हुकूम अक्षरशः पाळला. पुढं लाल दिवा दिसला की ते गल्लीत वळायचे आणि हिरवा होईतो गल्ल्यागल्ल्यांतून फेऱ्या मारायचे. मोठ्या चौकात गल्ली नव्हती, तिथं त्यांनी मधल्या गोलाला प्रदक्षिणा घातल्या. वाहतुकीचा हवालदार आधी शिट्टी फुंकत धावून आला, मग त्याला फीत दिसली, बिल्ला दिसला आणि त्यानं बाकीची सगळी वाहनं थोपवून सलाम ठोकला. एक रुग्णवाहिकाही थोपवली. वहिनींनी डोळे मिटून घेतले होते, पण पाणसळ लावली असती तर केक अजून सरळच निघाला असता.

मग हॉलचं फाटक आलं. फाटकाशी गतिरोधक होता आणि गतिरोधकाशी पहारेकरी. त्यानं हात आडवा केला, बिल्ला निरखून वाचला आणि हळू हळू पुढं घ्या अशी खूण केली. हळू! पहिल्या गिअरमध्ये, पाय जेमतेम पॅडलला लावून निरंकरावांनी गाडी गतिरोधकावर चढवली आणि तिथं सेन्सरनं आपला अहवाल वर पाठवायला सुरुवात केली. दाबलाय. नाही, उचललाय. नाही, दाबलाय. गाडी बेडकासारखी उड्या मारायला लागली.

"अहो, थांबवा!"

"थांबवली तर बंद पडेल!"

"पडू द्या बंद!"

तोवर मागे धप्प असा एक मऊ आवाज झाला. गाडीनं समाधानानं मान टाकली. वरचा मजला मधल्यात घुसला होता, मधला खालच्यावरून घसरून खोक्याच्या कडेला टेकला होता, आणि फुलं वहिनींच्या पदरावर होती. त्या रडल्या नाहीत असं लिहायला मला आवडलं असतं. पण त्या रडल्या, चांगल्या हमसून हमसून.

निरंकराव मागे वळले. त्यांनाही वाईट वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. पण तोंडातून जी वाट पडलेली होती तिनंच शब्द आले. "फार नाही गं. थोडासा कललाय."

"परत थोडासा म्हणालात ना," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "तर याच केकमध्ये तुमचं तोंड घालीन."

व्यवस्थापक हात चोळत पुढं आला, त्यानं खोक्यात डोकावलं आणि त्याचा चेहरा पडला. केक मोडलाय म्हणावं, तर मालक विचारणार की या बाईंना काम दिलं कोणी? त्यानंच दिलं होतं. तो असा घुटमळत असताना निरंकराव सवयीनं म्हणाले, "तसा ठीक आहे."

"ठीकच आहे!" व्यवस्थापकानं तो शब्द बुडत्यासारखा पकडला. "ठीक काय, कलता आहे. हल्ली सरळ केक करतं कोण? जुनाट दिसतो."

"अहो, मोडलाय तो," वहिनी म्हणाल्या.

"मॅडम, कलाकारानं स्वतःबद्दल असं बोलू नये."

हॉलमध्ये केक मधोमध मांडला गेला. मालकानं तो पाहिला आणि बायकोकडे पाहिलं. बायकोनं पाहुण्यांकडे पाहिलं. पाहुणे एकमेकांकडे बघत होते. हे काय आहे, असं सगळ्यांच्या जिभेवर आलेलं होतं आणि सगळेच शेजारच्यानं आधी बोलावं म्हणून थांबले होते. व्यवस्थापकानं खाकरून "अगदी नवीन शैली" असं जाहीर केलं. मालकीणबाई "अय्या, किती वेगळं!" म्हणाल्या, आणि मग काय विचारता, मोबाईल वर झाले.

वहिनींना ते सहन होईना. त्यांनी सरळ माईक हातात घेतला. "हा केक असा नव्हता," त्या म्हणाल्या. "सरळ होता. आमची गाडी बिघडलेली आहे. ती फाटकात उड्या मारायला लागली आणि केक मोडला. मी याहून फार चांगला केक करते."

मग टाळ्यांचा नुसता कडकडाट. "काय साधेपणा!" कोणीतरी डोळे पुसत म्हणालं. "एवढी मोठी कलाकार आणि सांगते काय, तर गाडी बिघडली!"

आता त्या केकमध्ये एक भानगड होती. मजले उभे राहावेत म्हणून आत लाकडी कांड्या रोवतात आणि कापताना त्या मोजून बाहेर काढतात. मोडलेल्या केकमध्ये कांड्या कुठल्या कुठं गेल्या होत्या. तुकड्या-तुकड्यातून त्या पाहुण्यांच्या तोंडात गेल्या. हॉलभर कडकड आवाज येऊ लागला आणि सगळेजण चेहऱ्यावरची रेषही न हलवता चावत राहिले. "कुरकुरीत थर आहे वाटतं आत," एक काका दाताला हात लावून म्हणाले.

वहिनींना काम मिळालं. हॉलचे सगळे केक आता त्यांचेच आणि खोक्यावर नावही त्यांचंच. अट एकच, केक तसाच हवा. पहिल्या खेपेला त्यांनी बिचारीनं घरीच हातानं केक तिरका करून पाठवला, तर व्यवस्थापकानं परत केला. मुद्दाम कलवलेला दिसतो, म्हणाला, सहजपणा नाही. तेव्हापासून वहिनी दर खेपेला पाणसळ लावून सरळ केक करतात आणि निरंकराव तो गाडीतून गतिरोधकावर नेतात. एका उडीत जमलं नाही तर मागे घेऊन पुन्हा चढवतात. गाडी दुरुस्त करायचा आता प्रश्नच येत नाही. उलट, इतर केकवाले तसा झिजलेला सेन्सर कुठं मिळेल म्हणून विचारत फिरतायत. वहिनींचा सरळ केक वहिनींखेरीज कोणी पाहिलेला नाही, आणि गाडीत बसताना आजही त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. निरंकराव त्याची नोंद घेत नाहीत.

तुम्ही हसताय. हसा, खुशाल हसा. पण त्या रविवारी हॉलमध्ये तुम्हीही होतात. टाळ्या थांबल्यावर वहिनी एकेका पाहुण्यापुढं जाऊन विचारत होत्या, एक तरी माणूस खरं बोलेल म्हणून. तुमच्यापुढंही आल्या. पदराला क्रीम तशीच होती. "तुम्ही तरी खरं सांगा हो," त्या म्हणाल्या, "कसा झालाय?" तुमच्या दाताखाली कांडी आली होती, हिरडीतून रक्त येत होतं.

तुम्ही कांडी गिळलीत आणि म्हणालात, "मस्त! अजून एक तुकडा मिळेल?"